चाळीस रुपयांचा उंबरठा

खर्रर्र... खट्!

बावीस वर्षं आमच्या घरात सकाळ ह्या आवाजाने व्हायची. आई पाचला उठून हॉलमधलं स्लायडिंग सरकवायची आणि मला अलार्म लावायची गरजच पडायची नाही. शाळेत, कॉलेजात, इंजिनिअरिंगच्या सबमिशनच्या रात्री, आणि आता रात्री दोनला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल संपवून झोपल्यावर सुद्धा. खर्रर्र... खट्! तर मंडळी, तो आवाज गेल्या जुलैपासून बंद झाला. आजची पोस्ट त्या आवाजाबद्दल.

आधी थोडं घराबद्दल. भाईंदर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे आमचा वन बीएचके. बाबांनी १९९५ साली घेतला. तेव्हा बाल्कनीतून मिठागरं दिसायची असं बाबा सांगतात. मला फक्त पांढरे ढीग आठवतात, आणि ते खरंच आठवतात की ऐकून ऐकून आठवायला लागले, देव जाणे. आता समोर बिल्डिंगांच्या पाठी आहेत. दोन बिल्डिंगांच्या मधल्या फटीतून रेल्वेलाईनचा एक तुकडा दिसतो. तेवढाच आमचा सी-व्ह्यू :-)

बिल्डरने बाल्कनीला एक साधं दार आणि शेजारी खिडकी दिली होती. बाबांनी २००३ साली बोनसच्या पैशातून खिडकीखालची भिंत तोडली आणि पाच फुटी ॲल्युमिनियमचं स्लायडिंग बसवलं. मी तेव्हा पहिलीत होतो. मीरा-भाईंदरची महापालिका झाली २००२ साली, आणि पुढच्याच वर्षी आमचं घर स्लायडिंगवालं झालं. दोन्ही प्रगती एका पाठोपाठ एक! कोणी पाहुणा आला की बाबा चहाच्या आधी त्याला स्लायडिंग दाखवायचे. "एका बोटाने सरकतं, बघा." पाहुणाही एका बोटाने सरकवून बघायचा आणि मान डोलवायचा.

आणि खरं सांगायचं तर निर्णय चांगलाच होता. सरकतं दार जागा खात नाही. दहा फुटी हॉलमधे सोफा, टीव्हीचं कपाट आणि माझा अभ्यासाचा टेबल कोंबल्यावर उघडझाप करणाऱ्या दाराला जागा कुठून आणणार? मुंबईच्या उपनगरांत घरोघरी स्लायडिंग का आलं ह्याचं उत्तर तेवढंच आहे.

पण स्लायडिंगची एक गोम असते, जी तेव्हा कोणाच्याच लक्षात येत नाही. ते कधीच पूर्ण उघडत नाही. दोन पल्ले एकमेकांच्या मागे जातात, म्हणजे पाच फुटातला जेमतेम अर्धा भाग मोकळा होतो. आमच्याकडे तो टेपने मोजून २७ इंच भरला. त्यात खाडीची खारी हवा. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा लाल गंज चढत नाही, पण पांढरी भुकटी धरते, आणि जिथे त्याच्यात साधे लोखंडी स्क्रू बसवलेत तिथे खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंचं आपापसात भांडण लागून ॲल्युमिनियम झिजत जातं. आमची बेअरिंग्ज दोनदा बदलली. शेवटच्या दोन वर्षांत उजवा पल्ला दीड फुटावर येऊन अडायचा. एका बोटाचं दार दोन हातांचं झालं, आणि मग दोन हात अधिक एका लाथेचं.

तरी आम्ही ते बदललं नाही. चालतंय ना? चालू आहे ते छेडू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. प्रॉडक्शनमधला जुना कोड आणि घरातलं जुनं स्लायडिंग, दोन्हीला कोणी हात लावत नाही.

मग बाबांना पार्किन्सन्स झाला.

झाला म्हणजे कळला. त्याला आता तीन वर्षं होतील. आधी उजव्या हाताचा अंगठा थरथरायचा, मग सही बारीक होत गेली, इतकी की बँकेने चेक परत पाठवला. गोळ्या सुरू झाल्या, थरथर कमी झाली, आम्हाला वाटलं चला, आटोक्यात आलं. पार्किन्सन्स म्हणजे हात कापणं, एवढंच मला ठाऊक होतं. मराठीत नावच कंपवात! पण बाबांचा खरा शत्रू कंप नाहीच. खरा शत्रू म्हणजे थिजणं. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. डोकं सांगतंय चल, आणि पाय ऐकत नाहीत. मोकळ्या जागेत कमी, पण वळताना, अरुंद जागेत, आणि सगळ्यात जास्त दारात.

आता तीन मजले, लिफ्ट नाही. बाबा खाली उतरतात ते फक्त डॉक्टरकडे जायला, तेही मी आणि शेजारचा मुलगा मिळून उतरवतो तेव्हा. म्हणजे त्यांचं "बाहेर" म्हणजे बाल्कनी. संध्याकाळी साडेपाचला खुर्ची टाकून बसायचं, त्या फटीतून गाड्या बघायच्या. तीस वर्षं भाईंदर ते अंधेरी अप-डाऊन केलेला माणूस. नुसत्या आवाजावरून स्लो की फास्ट ते सांगतात.

आणि ह्या "बाहेर"च्या तोंडाशी काय? तर दीड फुटाची फट आणि खाली दोन इंच उंच ट्रॅक. म्हणजे अंग आडवं करायचं, पाय उचलायचा आणि तोल सांभाळायचा, तिन्ही एकदम. पार्किन्सन्सच्या माणसासाठी ह्यापेक्षा वाईट दार मुद्दाम डिझाईन करायला सांगितलं असतं तरी मला जमलं नसतं.

२०२५ च्या जूनमधे व्हायचं ते झालं. मी आतल्या खोलीत कॉलवर होतो. एक पाय ट्रॅकच्या पलीकडे, एक अलीकडे, अशा अवस्थेत बाबा थिजले आणि आडवे गेले ते तुळशीच्या कुंडीवर. भुवईवर चार टाके. मी धावत आलो तर बाबा पडल्या पडल्या म्हणतात, "कॉल म्यूट केलायस ना?"

मी म्यूट केला नव्हता. असो.

त्या रात्री मी ठरवलं की स्लायडिंग जाणार. एक वाजेपर्यंत नेटवर दारं बघत बसलो आणि शेवटी सापडलं ते "फ्रेंच डोअर". मधोमध मिळणारे दोन काचेचे पल्ले, दोन्ही बाजूंना उघडणारे. उघडले की अख्खं भोक मोकळं! फ्रान्समधे ह्याला दार-खिडकी अशा अर्थाचा जोडशब्द आहे, कारण जमिनीपर्यंत आलेली खिडकीच ती. सकाळी मोठ्या अभिमानाने बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, आणि म्हणाले,

"हे तर आपल्या गावच्या घराचं दार."

"बाबा, फ्रेंच डोअर आहे हे."

"अरे, दोन झडपा, मधे कडी, वर खाली खिट्टी. फळ्यांच्या जागी काच लावली म्हणून फ्रेंच होतं होय?"

मी गप्प. राजापूरजवळच्या आमच्या जुन्या घराला अगदी असंच दार आहे. सागवानी, दोन झडपांचं, आतून आडवा अडसर. लहानपणी मे महिन्यात त्या झडपांना लोंबकळून मी मार खाल्लाय. आणि तेच दार मी रात्री एक वाजता फ्रान्समधून शोधून आणलं!

पण दार ओळखीचं निघालं म्हणून बाबा तयार झाले असं नाही. "स्लायडिंगला काय झालंय? बेअरिंग बदल." मी म्हटलं, तुम्ही पडलात. "मी पडलो, त्यात दाराचा काय दोष?" दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी आईने मला किचनमधे गाठलं. "अरे, त्यांनी पहिल्या मोठ्या बोनसमधून केलंय ते. तू ते तोडायला निघालास की त्यांना वाटतं, आपलं सगळंच मोडीत निघालं. जरा सबुरीने घे."

हे मला सुचलंच नव्हतं. मग मी पद्धत बदलली. वही घेतली, बाबांसमोर बसलो आणि विचारलं, "बाबा, दार बाहेर उघडायचं की आत?" माणूस एकदम प्रोजेक्टमधे शिरला!

आणि प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. दार आत उघडलं तर हॉलमधली अडीच अडीच फूट जागा जाते. बाहेर उघडलं तर आईची कपड्यांची दोरी आणि वॉशिंग मशीन आडवं येतं. आमची बाल्कनी पश्चिमेला, पावसाचा मारा थेट. बाबा म्हणाले, "बाहेरच. वारा आला की झडप चौकटीवर दाबून बसेल, पाणी कमी येईल. आत उघडणारी झडप वारा ढकलत आत आणतो." एकदम बरोबर. शिवाय चौकट भिंतीच्या बाहेरच्या कडेला बसवली की झडपा पूर्ण मागे जाऊन भिंतीला टेकतात, बाल्कनीची जागा जात नाही. मशीन बाथरूममधे गेलं. दोरी कप्पीवर वर चढली. आईने दोन दिवस अबोला धरला, पण ते चालायचंच.

मग मटेरियल. सागवान ह्या खाऱ्या दमट हवेत फुगणार आणि बजेटही फुगवणार. ॲल्युमिनियमचा अनुभव गाठीशी होताच. शेवटी यूपीव्हीसी घेतलं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचे पोकळ सेक्शन, आत ताकदीसाठी लोखंडी पट्ट्या. बाहेरून गंजायला काही नाही. स्क्रू मात्र मी हट्टाने ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे आणले. बाजारात सहसा ३०४ मिळतं. ३१६ मधे मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला जास्त दाद देत नाही. स्क्रूचं पाकीट बघून मिस्त्री माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, त्याच नजरेने मी अति उत्साही फ्रेशरकडे बघतो. काच ५ मिलिमीटर टफन्ड. काच सहाशे अंश सेल्सियसच्या वर तापवून झटकन गार करतात, त्याने ती साध्या काचेच्या चारपाच पट मजबूत होते, आणि फुटलीच तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता बोथट खडे होतात. घरात पडणारा माणूस असेल तर ह्यात तडजोड नाही.

भाव ठरला स्क्वेअर फुटाला ९५०. पाच बाय सात म्हणजे ३५ फूट, झाले ३३,२५०. सोसायटीला अर्ज दिला, कमिटीची लेखी परवानगी आली. सगळं प्लॅनप्रमाणे.

आणि इथे तुमच्या ह्या मित्राने शहाणपणा केला.

मिस्त्री म्हणाला होता की आधी चौकट बसवू, मग काचेचं माप घेऊ, मग काच टफन होऊन यायला आठ दिवस. मी म्हटलं, आठ दिवस कशाला घालवायचे? दोन्ही कामं पॅरलल करू! मी स्वतः टेप लावून वरचं माप घेतलं आणि दुकानात काचेची ऑर्डर देऊन टाकली. मिस्त्री म्हणाला, "साब, पहले फ्रेम बैठने दो." मी म्हटलं, मी इंजिनिअर आहे.

स्लायडिंग निघालं. जुनी चौकट उखडल्यावर कळलं की भोक वरून पाच फूट आहे आणि खालून १४ मिलिमीटर कमी. २००३ साली गवंड्याने तो फरक प्लॅस्टरखाली झाकला होता. चौकट काटकोनात हवी, म्हणजे सगळ्यात अरुंद मापाने. म्हणजे माझी प्रत्येक काच ७ मिलिमीटर जास्त रुंद.

"थोडी घासून नाही का होणार?"

"टफन होने के बाद कटता नहीं साब. काटेंगे तो पूरा फूटेगा."

हे मला माहीत होतं. चार परिच्छेद वर मीच तुम्हाला समजावलं टफनिंग म्हणजे काय ते! माहीत असणं आणि लक्षात असणं ह्यांत साधारण ४,२०० रुपयांचा फरक आहे, एवढं कळलं.

पैशाचं एक वेळ जाऊ द्या. ऐन जुलैमधे नऊ दिवस आमच्या हॉलला दार नव्हतं. निळी ताडपत्री, खाली विटा, आणि रात्रभर फडफड. बाल्कनी बंद. बाबा साडेपाचला आपली खुर्ची ताडपत्रीसमोर घेऊन बसायचे आणि नुसता गाड्यांचा आवाज ऐकायचे. एक शब्द बोलले नाहीत. मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. फक्त सहाव्या दिवशी विचारलं, "रिलीज पुढे ढकललं वाटतं?"

शेवटी दार बसलं. ट्रॅक गेला, त्या जागी ग्रॅनाइटची पट्टी, दोन्हीकडून उतार दिलेली, मधे जेमतेम अर्धा इंच उंच. बाल्कनीची फरशी मुळात खाली असल्याने पाणी बाहेरच्या बाहेर जातं. झडपांना खाली ब्रश, भिंतीवर अडकवायला हुक. दोन्ही झडपा उघडल्या आणि हॉल एकदम मोठा वाटायला लागला. गवंडीकाम, ग्रॅनाइट आणि माझा शहाणपणा धरून हिशेब ४१,९५० वर गेला होता, पण म्हटलं वसूल.

साडेपाच वाजले. मी मुद्दाम ऑफिसमधून अर्धा दिवस घेतला होता. आई पदराला हात पुसत उभी. बाबा काठी घेऊन निघाले. दोन झडपा सताड उघड्या, समोर साडेचार फूट मोकळी वाट, अडथळा काही नाही. बाबा दारापाशी आले.

आणि थिजले.

काय सांगू कसं वाटलं ते. टाचा जागच्या जागी थरथरतायत, नजर खाली, आणि समोर काहीही नाही. बाबा माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "दार छान झालंय रे," म्हणाले. त्यांना माझी समजूत काढावीशी वाटली ह्याचं मला जास्त लागलं. मी हात धरला, पलीकडे नेलं.

दोन दिवसांनी फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांना दार दाखवलं. त्या म्हणाल्या, दार उत्तम, रुंद केलंत ते बरं केलंत, पडायची भीती कमी झाली. मग बॅगेतून चिकटपट्टी काढली आणि दाराच्या तोंडाशी जमिनीवर, दर पावलाच्या अंतरावर, आडव्या तीन रेघा चिकटवल्या. "काका, रेघ ओलांडायची."

बाबांनी रेघेकडे बघितलं. पाय उचलला. ओलांडला. दुसरा. तिसरा. बाहेर!

मी बघतच राहिलो. मग अर्थातच नेटवर वाचलं. ही काही नवी गोष्ट नाही. जेम्स पार्किन्सन ह्या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली ह्या आजारावर निबंध लिहिला, आणि जमिनीवरच्या आडव्या रेघा बघून थिजलेली माणसं चालू लागतात हे जेम्स पर्डन मार्टिन ह्या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने १९६७ सालच्या पुस्तकात मांडलं. आपण चालतो ते विचार न करता, म्हणजे बॅकग्राउंडला चालणारी प्रोसेस. पार्किन्सन्समधे मेंदूच्या खोल भागातली ती प्रोसेसच अडखळते. पण समोर ओलांडण्यासारखी रेघ दिसली की चालणं ही जाणूनबुजून करायची कृती होते, आणि ती बऱ्याच अंशी दुसऱ्या वाटेने होते. ऑटो-रन बिघडलाय, मॅन्युअल चालू आहे.

म्हणजे मी काय केलं होतं? अडथळा काढला, आणि अडथळ्याबरोबर पाय उचलायला सांगणारी खूणही काढली. आईने ते एका वाक्यात सांगितलं: "उंबरठा काढायला बेचाळीस हजार, आणि परत घालायला चाळीस रुपये!"

हे वाचून कोणी फक्त चिकटपट्टी आणून थांबू नका. जुन्या ट्रॅकवर रेघ मारून बाबा पुन्हा पडलेच असते. दीड फुटाच्या फटीत पाऊल सरळ टाकायला जागा कुठे होती? दोन्ही लागलं. आणि प्रत्येक पेशंटला रेघ लागू पडते असंही नाही, म्हणून आधी तुमच्या डॉक्टरला आणि फिजिओला विचारा. बाबांनाही रोज जमत नाही. गोळीचा असर उतरत आला की रेघेपाशीही पाय चिकटतात, मग पाच मिनिटं थांबायचं. दार उघडंच असतं, घाई कसली.

जुनं स्लायडिंग भंगारवाल्याने किलोवर नेलं. नेताना बाबांनी त्याला थांबवलं आणि एका पल्ल्याचं हँडल काढून ठेवायला सांगितलं. ते आता त्यांच्या ड्रॉवरमधे आहे, रेल्वेच्या जुन्या पासांशेजारी. मी काही विचारलं नाही.

आता काल संध्याकाळचं सांगतो आणि थांबतो. माझा कॉलेजचा मित्र आला होता. चहा व्हायच्या आधी बाबा म्हणाले, "दार बघितलंस का?" काठी टेकत दारापर्यंत गेले, खिट्टी वर केली, एक झडप ढकलली, मग दुसरी. "गावच्या घराला असंच होतं. बंद करताना डावी आधी, मग उजवी. दोन्ही एकदम लावायला गेलास तर मधे अडकतात."

मग खाली बघितलं, रेघ ओलांडली, आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "एका बोटाने उघडतं, बघ."

मित्राने एका बोटाने ढकलून बघितलं आणि मान डोलवली.

असो. उद्या सोमवार. आणि हो, आता मला सकाळी अलार्म लावावा लागतो.